मदत हवी आहे: न्यू जर्सीत सेक्शन 8 व्हाउचर मिळालं, 60 दिवसांत घर कसं शोधायचं?

ओक_ट्री_रोड

शेजारच्या मावशींसाठी विचारते आहे. वय 69, ग्रीन कार्ड आहे, एकट्याच राहणार. हाउसिंग ऑथॉरिटीच्या (सरकारची भाडे-मदत योजना चालवणारी स्थानिक संस्था) वेटिंग लिस्टवर कितीतरी वर्षं होत्या, आता एका बेडरूमचं सेक्शन 8 व्हाउचर हातात आलंय, म्हणजे खाजगी घर घ्यायचं आणि भाड्याचा काही भाग ऑथॉरिटी थेट मालकाला देणार. मुदत 60 दिवस, त्यातले 11 गेले. ऑथॉरिटीने पेमेंट स्टँडर्ड (ज्या कमाल रकमेवर मदतीचा हिशोब होतो ती) 1,900 डॉलर सांगितलंय आणि वजावटी जाऊन मावशींचं महिन्याचं उत्पन्न 1,000 डॉलर धरलंय.

अ) म्हणजे 1,900 च्या वरचं घर बघायचंच नाही का?
ब) फोनवर सेक्शन 8 म्हटलं की "आम्ही प्रोग्रॅम घेत नाही" म्हणून फोन ठेवतात. हे चालतं का?
क) मावशींच्या मुलाच्या दुमजली घराचा वरचा मजला रिकामा आहे. तोच व्हाउचरवर घेतला तर?

जर्सीकर_काका

'क' आधी, कारण तिथे चर्चेला फारशी जागाच नाही. आई, वडील, मुलगा, मुलगी, आजी-आजोबा, नातवंडं, सख्खे भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाच्या मालकीचं घर व्हाउचरवर घेता येत नाही. अपवाद एकच, भाडेकरू कुटुंबात कोणाला अपंगत्व आहे आणि तेच घर मिळाल्याने त्याची खरी सोय होणार आहे असं ऑथॉरिटीला पटलं तर. नुसतं वय झालं हे कारण चालत नाही. भाचा, पुतण्या, जावई या यादीत नाहीत, पण जावयाच्या घराच्या कागदावर मुलीचंही नाव असेल तर तेही गेलं. अर्जावर मालकाला 'माझं असं नातं नाही' म्हणून सही करावी लागते. तिथे खोटं लिहिलं तर व्हाउचर जातंच, वर पैसे परत करायची वेळ येते.

आता 'अ'. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. 1,900 हा आकडा नुसत्या भाड्याचा नाही. भाडं अधिक युटिलिटी अलाउन्स म्हणजे ग्रॉस रेंट, आणि तुलना त्याच्याशी होते. गॅस, वीज, पाणी यांपैकी जी बिलं भाडेकरू भरणार, त्यांच्यासाठी ऑथॉरिटीच्या तक्त्यात ठरलेली रक्कम असते. तक्ता ब्रीफिंगच्या, म्हणजे व्हाउचर देतानाच्या माहिती-बैठकीच्या, पाकिटात मिळतो. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मावशींचा हिस्सा उत्पन्नाच्या 30 टक्के, म्हणजे 300. (नियम जरा नीट सांगायचा तर वजावटीनंतरच्या उत्पन्नाचे 30 टक्के किंवा वजावटीआधीच्या उत्पन्नाचे 10 टक्के, जे जास्त ते.) समजा भाडं 1,800 आहे आणि मावशींनी भरायच्या बिलांचा अलाउन्स 150. ग्रॉस रेंट 1,950. ऑथॉरिटी 1,900 वजा 300, म्हणजे 1,600 मालकाला देणार. मालकाला उरलेले 200 मावशी देणार, बिलं स्वतः भरणार. हिशोबात त्यांच्यावर एकूण भार 350.

म्हणजे पेमेंट स्टँडर्डच्या वर जाता येतं, वरचा फरक आपल्या खिशातून. पण नव्या घरात शिरताना एकूण भार वजावटीनंतरच्या उत्पन्नाच्या 40 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. मावशींच्या बाबतीत 400. त्यामुळे ग्रॉस रेंटची कमाल मर्यादा 2,000, आणि 150 चा अलाउन्स असलेल्या घराचं भाडं जास्तीत जास्त 1,850. त्यापुढे एक डॉलर जरी गेला तरी अर्ज नामंजूर. मुलगा म्हणाला 'वरचे मी देतो', तरी नाही. उलट तो दरमहा नियमित पैसे देत असेल तर ते मावशींच्या उत्पन्नात धरले जातात.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. हीट आणि गरम पाणी भाड्यात असलेल्या इमारतीत अलाउन्स समजा 60 वर आला, तर तिथे 1,940 पर्यंतचं भाडं बसतं. उत्तर जर्सीतल्या जुन्या विटांच्या गार्डन अपार्टमेंटमध्ये (दोन-तीन मजली इमारतींची वसाहत) अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते. जाहिरात वाचताना भाड्याआधी तेच बघा.

दोन बेडरूमचं घर घ्यायलाही बंदी नाही, पण पेमेंट स्टँडर्ड एका बेडरूमचंच लागू होईल.

कायदा_वाचा

'ब' बद्दल. फेडरल फेअर हाउसिंग कायद्यात उत्पन्नाचा स्रोत येत नाही, म्हणून टेक्सासात मालक सर्रास नाही म्हणू शकतो. तिथे शहरांनी असे स्थानिक नियम करण्यावरच राज्याने बंदी घातली आहे. न्यू जर्सीत उलट आहे. राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात सेक्शन 8 धरून कायदेशीर उत्पन्नाचा कुठलाही स्रोत येतो. "प्रोग्रॅम घेत नाही" हे वाक्यच बेकायदेशीर आहे. सूट आहे ती मालक स्वतः एका भागात राहतो अशा दोन-कुटुंबी घराला. न्यू जर्सीतल्या एडिसन, इझलिनकडे अशी घरं ढिगाने आहेत, तेव्हा फोन आपटणारा प्रत्येक मालक कायदा मोडतोय असं धरू नका.

दुसरी नेहमीची अडवणूक म्हणजे 'उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं'. इथे ही अट फक्त भाडेकरूच्या हिश्श्यावर लावता येते. काकांच्या उदाहरणात हिस्सा 200, तिप्पट 600. मावशींचं 1,000 आहे. हे मालकाला ईमेलवर लिहून पाठवा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा मेसेज टाका: "आज अमुक घराबद्दल बोललो, व्हाउचर घेत नाही असं आपण सांगितलंत, बरोबर ना?" तक्रार राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे, डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे, 180 दिवसांच्या आत करायची असते. मेसेजचा स्क्रीनशॉट तेव्हा कामाला येतो.

बाकी क्रेडिट, आधीच्या मालकांचे संदर्भ हे मालक तपासू शकतो. भाडेकरू कसा आहे याची हमी ऑथॉरिटी देत नाही. क्रेडिट हिस्टरीच नसेल तर वेळेवर भरलेली बिलं आणि बँक स्टेटमेंट आधीच एका पीडीएफमध्ये करून ठेवा.

ओक_ट्री_रोड

दोघांचेही आभार. 1,850 चा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय मावशींना. एक घर आवडलंय, दुसरा मजला, 1,825. मालक तयार आहे, पण म्हणतो कागदावर 1,825 ठेवू आणि पार्किंग-बिर्किंगचे म्हणून 150 रोख द्या. आणि मावशींना डिसेंबरपासून चारेक महिने सांगलीला जायचंय. त्याने काही बिघडतं का?

जर्सीकर_काका

150 रोख म्हणजे साइड पेमेंट. ऑथॉरिटीने मंजूर केलेल्या भाड्याखेरीज त्याच घरासाठी वेगळं काही घ्यायचं नाही, हे मालकाच्या ऑथॉरिटीबरोबरच्या करारातच लिहिलेलं असतं. पकडलं गेलं तर मालकावर येतंच, पण व्हाउचर मावशींचं जातं. पार्किंग खरंच वेगळं आणि ऐच्छिक असेल, गाडी नसलेल्या भाडेकरूला लागत नसेल, तर ते लीजमध्ये उघडपणे लिहा आणि आधी ऑथॉरिटीला दाखवा. मालक लिहायला कचरला की काय ते समजून जा.

डिपॉझिट व्हाउचरमधून मिळत नाही. न्यू जर्सीत मालक जास्तीत जास्त दीड महिन्याचं भाडं घेऊ शकतो, तेही पूर्ण भाड्याच्या हिशोबाने. 1,825 ला 2,737.50 होतात. मुलाला मदत करायचीच असेल तर त्याने इथे करावी, पण एकदाच, आणि ऑथॉरिटीला कळवून.

चावी_आणि_कुलूप

घर आवडलंय म्हणता, तर आता सगळं कागदावर आहे. रिक्वेस्ट फॉर टेनन्सी अप्रूव्हल, म्हणजे 'हे घर मंजूर करा' असा ऑथॉरिटीला द्यायचा अर्ज, फॉर्म 52517. लोक याला आरएफटीए म्हणतात. हा ऑथॉरिटीकडे पोचला की मुदतीचं घड्याळ थांबतं आणि मंजुरी-नामंजुरीचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबूनच राहतं. म्हणून तो अर्धवट भरून देऊ नका. परत आला तर ते दिवस तुमचेच गेले.

फॉर्ममध्ये युटिलिटीचा तक्ता आहे. हीटिंग, स्वयंपाक, गरम पाणी, इतर वीज, पाणी, सांडपाणी, कचरा, खाली फ्रिज आणि शेगडी. प्रत्येक रांगेत 'ओ' किंवा 'टी' लिहायचं, ओनर की टेनंट. सगळ्यात जास्त फॉर्म इथे अडकतात. मालक घाईत हीटिंगसमोर 'ओ' लिहितो आणि त्याच्या छापील लीजमध्ये 'गॅस भाडेकरूने भरायचा' असतं. दोन कागद जुळले नाहीत की फॉर्म परत. शिवाय एका 'ओ'चा 'टी' झाला की अलाउन्स बदलतो आणि काकांचं 1,850 चं गणित कोसळतं. लीज समोर ठेवून एकेक रांग स्वतः ताडून बघा.

फॉर्मवर घर कधी बांधलं, बेडरूम किती, डिपॉझिट किती, तपासणीसाठी घर कधी मोकळं, हेही विचारलेलं असतं. मालकाकडून मालकीचा पुरावा, डब्ल्यू-9 (कर-क्रमांक देण्याचा फॉर्म) आणि बँकेचा तपशील लागतो. किराणा दुकानाच्या बोर्डावरच्या 'बेसमेंट भाड्याने, शाकाहारींना प्राधान्य' अशा चिठ्ठ्या इथेच गळतात. गावाची परवानगी नसते आणि मालकाला डब्ल्यू-9 भरायचा नसतो. त्यांच्यामागे आठवडा घालवू नका.

मग दोन चाळण्या. एक, भाडं वाजवी आहे का. ऑथॉरिटी आसपासच्या विनाव्हाउचर घरांशी तुलना करते आणि जास्त वाटलं तर मालकाला कमी करायला सांगते. दुसरी, इन्स्पेक्शन. ते नापास होतं ते फुटकळ गोष्टींनी:

- घर रिकामं म्हणून मालकाने गॅस किंवा वीज बंद केलेली. तपासणीच होत नाही. चालू करून ठेवायला सांगा.
- धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा. गॅसवरची उपकरणं किंवा जोडलेलं गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचाही. अलार्म असतो, बॅटरी मेलेली असते.
- वॉटर हीटरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हला खाली जमिनीकडे नेणारी नळी नसते. दुकानात मिळणाऱ्या तुकड्यासाठी अख्खी तपासणी पुन्हा.
- चार किंवा जास्त पायऱ्यांना कठडा नाही. दुसरा मजला म्हणताय, तर आधी जिना बघा.
- खिडकीची कडी लागत नाही, शेगडीचा एक बर्नर पेटत नाही, स्विचबोर्डचं झाकण गायब.

तपासणीच्या आदल्या दिवशी मालकाबरोबर एक फेरी मारली तर यातलं बहुतेक सगळं पंधरा मिनिटांत सापडतं. न्यू जर्सीत एक-दोन कुटुंबांच्या घराला भाडेकरू बदलताना अलार्म आणि अग्निशामकाचं सर्टिफिकेट गावाकडून घ्यावं लागतं, ते वेगळं. मालक विसरतात.

आणि मंजुरीआधी सामान हलवू नका. तपासणी पास होण्याआधीच्या दिवसांचं भाडं ऑथॉरिटी देत नाही, ते पूर्ण 1,825 च्या हिशोबाने मावशींवर येईल.

कायदा_वाचा

सांगलीचं राहिलं. सलग 180 दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं राहिलं तर मदत बंद होते. ही वरची मर्यादा आहे, ऑथॉरिटी स्वतःच्या धोरणात याहून कमी दिवस ठरवू शकते. तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्यांच्याकडून दिवसांचा आकडा लेखी घ्या आणि जाण्या-येण्याच्या तारखा लेखी कळवा. त्या काळात मावशींचा हिस्सा भरत राहावाच लागतो. खरा धोका टपालपेटीचा. उत्पन्नाच्या वार्षिक पुनर्तपासणीचं पत्र मधल्या काळात येतं, उत्तर जात नाही, आणि थेट व्हाउचर रद्द करण्याची नोटीस निघते. पेटी रोज कोण उघडणार ते ठरवा.

आणि सांगलीत मावशींच्या नावावर फ्लॅट किंवा जमीन असेल तर ती ऑथॉरिटीच्या कागदांत दाखवलेली आहे का बघा. परदेशातली मालमत्ता लपवायची मुभा नाही.

ओक_ट्री_रोड

फ्लॅट आहे, दाखवलेला आहे. मालकाने रोखीचा हट्ट सोडलाय, पार्किंग नको म्हटलं. पण जिन्याला कठडा नाहीये, आणि तो म्हणतो लावायला तीन आठवडे लागतील. हे घर हुकलं आणि 60 दिवस संपले तर?

चावी_आणि_कुलूप

आरएफटीए आजच द्या, कठडा मागाहून. घड्याळ थांबेल. तपासणीसाठी घर मोकळं असल्याची तारीख मात्र कठडा लागल्यानंतरची लिहा, आणि इतके दिवस फॉर्म प्रलंबित ठेवतील का ते काउंटरवर विचारून घ्या. बहुतेक ऑथॉरिटी एका वेळी एकच आरएफटीए घेतात, म्हणजे तोवर दुसरं घर अडकतं, याची कल्पना मावशींना द्या.

त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्जही लिहून ठेवा. तो मुदत संपायच्या आत पोचायला हवा, एक दिवस उशिराने आला तर कोणी बघत नाही. बघितलेल्या घरांची यादी जोडा: तारीख, पत्ता, भाडं, मालकाचं उत्तर. गुडघ्यांमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे शोधायला वेळ लागत असेल तर डॉक्टरचं पत्र लावा. अपंगत्वाच्या कारणाने मागितलेली रास्त मुदतवाढ ऑथॉरिटीला द्यावी लागते, बाकी कारणांना ती त्यांच्या मर्जीवर.

दरम्यान भाड्याची घरं शोधायची राज्याची हाउसिंग रिसोर्स सेंटरची मोफत साइट रोज सकाळी बघा आणि 211 या मदत-क्रमांकाला फोन करून ठेवा. आणि मालकाला म्हणावं, तीन आठवडे लागणारा कठडा लाकडाचा असेल तर सुतार बदल.