मदत हवी आहे: म्हशीच्या अंगात सेलेनियम किती जातंय, तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. घर करवीर तालुक्यात, गोठ्यात म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं.

मागच्या वेताला एका म्हशीची वार अडकली. म्हणून यंदा गाभण म्हशींना शेवटच्या महिन्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं (अगदी थोडं लागणारं खनिज) इंजेक्शन द्यायचं डॉक्टरांनी सुचवलंय. ते मला पटतं. पण खनिज मिश्रणात सेलेनियम आहेच, आणि आता आबांनी सेलेनियम यीस्टची (सेलेनियम मुरवलेल्या यीस्टची) सुटी पावडरही आणलीय. दुकानदाराने सांगितलं, "ह्यानं अंगातलं विष निघून जातं, कितीबी घाला." आबांना ते पटलंय. मला भीती वाटते.

भीती अशासाठी, की त्या बोलण्यात थोडं खरं आहे. 1938 मध्ये मॉक्सन या संशोधकांनी दाखवलं, की सेलेनियम जास्त असलेलं धान्य खाणाऱ्या उंदरांना पाण्यातून थोडं आर्सेनिक दिलं तर ते वाचतात. एक विष दुसऱ्याला आवरतं! हे कसं होतं ते कळायला साठ वर्षं गेली. युर्गेन गेलर हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2000 च्या सुमारास सशाच्या पित्तात एक संयुग सापडलं: एक आर्सेनिक, त्याला जोडलेलं एक सेलेनियम आणि दोन ग्लुटाथायोन (पेशींत असणारा गंधकयुक्त छोटा रेणू). दोन्ही मूलद्रव्यं एकमेकांना धरून यकृतातून पित्तात उतरतात. पाऱ्याच्या बाबतीतही सेलेनियम असंच त्याला बांधून ठेवतं. हे वाचताना मी अक्षरशः हरखून गेले होते.

पण ही जोडी जमायला समोर आर्सेनिक असावं लागतं. आमच्या वैरणीत ते आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नाही. नसेल तर जादा सेलेनियम स्वतःच विष. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही गावांत जमिनीतच ते जास्त आहे. तिथे जनावरांचे खूर गळतात, माणसांचे केस आणि नखं जातात.

माझा हिशेब असा. दुभत्या जनावराला कोरड्या खाद्याच्या किलोमागे 0.3 मिलिग्रॅम सेलेनियम पुरतं. म्हैस दिवसाला 12 किलो कोरडं खाद्य खाते असं धरलं तर 3.6 मिलिग्रॅम. किलोमागे 5 मिलिग्रॅम ही सहन होण्याची कमाल पातळी मानतात, म्हणजे दिवसाला 60. यीस्ट पावडरीत किलोला 2000 मिलिग्रॅम असेल तर 30 ग्रॅममध्येच तिथवर पोचतो. आबा मुठीनं घालतात.

तर नेमकं काय तपासू? उसाचं वाढं, पेंड, रक्त की दूध? आमच्या विभागात हायड्राइड जोडणीचं अणुशोषण यंत्र आहे (मूलद्रव्याचं हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनशी जोडलेलं वायुरूप संयुग, करून त्याचं प्रमाण मोजणारं), पण सेलेनियम त्यावर कुणी केलेलं नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा, प्लीज.

प्रतिसाद

ताई, पावडर आजपासून बंद करायला सांगा, तपासणी नंतर. खनिज मिश्रण चालू राहू दे. इंजेक्शनचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यात चूक झाली तर जनावर हातचं जातं. पावडरीचं त्यांनाही सांगा, म्हणजे ते एकूण हिशेब धरतील.

आता यंत्राचं. नमुना भट्टीत जाळून राख करू नका, सेलेनियम उडून जातं. नायट्रिक आम्लात बंद भांड्यात पचवा. नंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: पचनानंतर सेलेनियम +6 ऑक्सिडीकरण अवस्थेत जाऊ शकतं, आणि त्या अवस्थेत ते हायड्राइड देत नाही. साधारण 6 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून +4 वर आणा, मगच हायड्राइड बनवणारं बोरोहायड्राइड घाला. हे राहिलं तर आकडा कमी येतो आणि आबा म्हणतील, बघ, कमीच आहे, घाल आणखी. प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असा) सोबत चालवल्याशिवाय कुठलाही आकडा घरी सांगू नका.

आधी पेंड आणि पावडर करा, मग रक्त. दूधही घ्या. यीस्टमधलं सेलेनियम बरंचसं सेलेनोमेथिओनिन असतं, ते मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी दुधाच्या प्रथिनात बसतं. साधं सेलेनाइट (सेलेनियमचा क्षार) दिलं तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्यातलं बरंच न विरघळणाऱ्या रूपात नेतात, ते शेणावाटे जातं. म्हणून दोन पाकिटांवर आकडा एकच असला तरी परिणाम एक नाही.

धागाकर्ती

खूप आभार. +6 वरून +4 वर आणायची पायरी मला कुठल्याच प्रात्यक्षिक वहीत दिसली नव्हती. दुधाचा मुद्दा आबांना सांगितल्यावर त्यांनी पावडर लगेच बाजूला ठेवली, कारण घरातली पोरं तेच दूध पितात. प्रमाणित संदर्भ नमुना, शक्यतो दूध पावडरीचा, कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे थोडा शिल्लक असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विभागातर्फे रीतसर पत्र देता येईल.