स्पॅनिशमध्ये 'क्वान्दो' (जेव्हा) नंतर भविष्यकाळ का चालत नाही

स्पॅनिश शिकणारे कुणी म्हणतात की 'येगार'चा (पोचणे) भविष्यकाळ मूळ रूपाला ए, आस, आ, एमोस, एइस, आन जोडले की झाला. बरोबर आहे, पण मराठी माणूस अडखळतो तो वाक्यात. आपण 'सोलापूरला पोचेन तेव्हा फोन करेन' असं दोन्हीकडे भविष्यकाळच वापरतो, म्हणून 'क्वान्दो येगारे आ सोलापूर' तोंडात येतं. ते चूक. पुढे व्हायच्या गोष्टीसाठी 'क्वान्दो'नंतर सब्जंक्टिव्ह (अजून न घडलेल्या, अनिश्चित गोष्टीसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप) लागतो: 'क्वान्दो येगे आ सोलापूर, ते यामारे.' भविष्यकाळ फक्त दुसऱ्या भागात. प्रश्न विचारताना मात्र तो बिनधास्त वापरा: 'क्वान्दो येगारा एल त्रेन?', म्हणजे गाडी कधी येईल?

आणि आघात! 'येगारा'त जोर शेवटच्या 'रा'वर हवा. आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने बोलतो; जोर 'गा'वर गेला तर ऐकणाऱ्याला ते भूतकाळी सब्जंक्टिव्ह वाटतं. लिहिताना 'आम्ही'चं येगारेमोस सोडून बाकी पाचही रूपांवर आघातचिन्ह येतं. एक गोष्ट मात्र आपल्याला आयती मिळते: 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'घरी असेल', हा अंदाजाचा भविष्यकाळ अगदी मराठीसारखाच.