मदत हवी आहे: इंजेक्शननंतर बाबांचं पोट सुटलं, वजन उतरवायचं की नाही?

कास्तकार_वणी: बाबा ६८ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला आहे. इंजेक्शन सुरू झाल्यापासून पोट सुटतच चाललं. मामा म्हणतात कॅन्सर चरबीवर पोसतो, म्हणून तेल-तूप बंद, जेवण एक वेळ. शेजारचे सर म्हणतात जाडे पेशंट जास्त जगतात, खाऊ द्या. कोणाचं ऐकू? सोमवारी तपासणी आहे, लवकर सांगा.

वर्धेकर: कोणतं इंजेक्शन? सोबत गोळ्या? वजन, कमरेचा घेर, शुगर, पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी)? काहीच लिहिलं नाही भाऊ.

जवसवाला: इतकं काहून घाबरता? रोज दोन चमचे जवस भाजून कुटून द्या. चरबीबी उतरते, गाठबी.

रातराणी: रात्री लघवीला उठत असतील तर टॅम्सुलोसिन ही लघवी मोकळी करणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्यायची. पहिले काही दिवस उठताना चक्कर येते, हात धरा.

कास्तकार_वणी: लघवीचं विचारलंच नाही. इंजेक्शन तीन महिन्यांचं, ल्युप्रोलाइड. पीएसए उतरला. वजन ८२, आधी ७६ होतं.

वर्धेकर: मग पोट सुटणं अपेक्षितच. या इंजेक्शननं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बंद पडलं की चरबी वाढते आणि स्नायू झडतात, दोन्ही एकदमच. म्हणून काट्यावरचा आकडा फसवा. मामांच्या एकवेळ जेवणानं पोटाआधी मांड्या उतरतील. शेजारचे सर म्हणतात ते काही अभ्यासांत दिसलं आहे, पण पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांत. तिथे आजारानं खंगलेले लोक बारीकांच्या गटात मोजले जातात, म्हणून जाडे बरे दिसतात. निदानाच्या वेळचा लठ्ठपणा मात्र वाईटच, आजार जास्त आक्रमक निघतो. आणखी एक, लठ्ठ माणसात रक्ताचं प्रमाण जास्त असल्यानं पीएसए पातळ होऊन कमी दिसू शकतो. टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्या, डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली हवं. जाड्या रुग्णांत ल्युप्रोलाइडवर ते थोडं वर राहिल्याचं आढळलं आहे.

तर्कट: मुख्य गुन्हेगार लेप्टिन हार्मोन. चरबी लेप्टिन सोडते, गाठ वाढते. चरबी हटवा, विषय संपला.

वर्धेकर: ते प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींचं झालं, माणसांत तितकं स्वच्छ चित्र नाही. लठ्ठपणात अॅडिपोनेक्टिन, म्हणजे चरबीतूनच येणारं दुसरं हार्मोन, घटतं, पण या इंजेक्शनांवर चरबी वाढूनही ते वाढतं. चरबीही बरीचशी कातडीखाली साचते. नुसत्या लेप्टिनवर काय ठरवणार?

आहारताई: जवसाची चटणी खाऊ द्या, गाठ काही उतरत नाही तिनं. प्रथिनं बघा: किडनी ठीक असेल तर दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत फारसं काही नसतं. अंडं, दही, घट्ट वरण, पिठल्यात जास्त बेसन. सोयावडी ५० ग्रॅम कोरडी भिजवली तर जवळपास २५ ग्रॅम मिळतात.

तर्कट: सोयात इस्ट्रोजेन असतं!

आहारताई: वनस्पतीतलं आहे, खाण्याइतक्या सोयानं इथे नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. गुळवेलीचा काढा मात्र सुरू असेल तर बंद करा, लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत. घेर नाभीच्या पातळीवर मोजा, पुरुषाला ९० सेंमीच्या वर जास्त. पिंढरीही मोजा, ३४ सेंमीच्या आत आली की स्नायू गेले समजा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय कमजोर आहेत. व्यायाम: आठवड्यात दोन-तीन दिवस हेच उठणं-बसणं, बाकी दिवस चालणं. हाडात कुठे आहे ते स्कॅनमध्ये विचारून घ्या. मणक्यात असेल तर वाकून पोतं उचलणं बंद. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली तर सोमवारची वाट पाहू नका.

कास्तकार_वणी: कॅन्सरच्या अॅबिरॅटेरॉन २५० मिग्रॅच्या चार गोळ्याही आहेत, सांगायचं राहिलं. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून भाकरीसोबत देतो. सोबत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ मिग्रॅची एक.

वर्धेकर: बावा, हे आधी सांगायचं नं! जेवणासोबत ती गोळी कितीतरी पट जास्त शोषली जाते. चार गोळ्या म्हणजे आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. काही डॉक्टर कमी डोस जेवणासोबत देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. प्रेडनिसोलोननंही पोट आणि शुगर वाढते, तरी स्वतःहून बंद करू नका. आजच डॉक्टरांना फोन करा. सोमवारी बीपी, पोटॅशियम, लिव्हर आणि शुगर, चारही बघायला सांगा.