बायोस्टॅट्समध्ये (वैद्यकीय संख्याशास्त्र) पीएचडी : वय ३१, मुलगा तीन वर्षांचा, नोकरी चालू. करू का?

धाराशिवची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

कोल्हापुरातून स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलं आणि तेव्हापासून पुण्यात एका क्लिनिकल रिसर्च कंपनीत सॅस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) प्रोग्रामर आहे. दिवसभर टेबलं आणि लिस्टिंग काढायची. मॉक शेल म्हणजे रिकामं टेबल वरून तयार येतं, त्यात आकडे भरायचे, दुसरा एक जण तेच वेगळं काढून ताळा करतो, जुळलं की विषय संपला. इतक्या वर्षांत हे मॉडेल का आणि ते का नाही, असं मला कुणी विचारलेलं नाही. पगार चांगला आहे, ते नाकारत नाही.

किडा शिरला तो एमएस्सीतच. सरांनी क्लस्टर रँडमायझेशन (एकेक माणूस नाही, गावांचे गटच चिठ्ठी टाकून वाटायचे) शिकवताना २००९ चा न्यू इंग्लंड जर्नलमधला पेपर आणला होता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, १,३१,७४६ बायका, ५२ क्लस्टर, आणि जिल्हा उस्मानाबाद. म्हणजे आमचाच! सुट्टीत आईला विचारलं तर म्हणाली, "आल्त्या की बाया. नाव-वय लिहून घेतलं, आजाराचं सांगितलं, दवाखान्यात जाऊन तपासून घ्या म्हणल्या आन् गेल्या." मावशीच्या गावात मात्र घरोघरच्या बायकांची तपासणी झालेली. दोघींच्या गावांत अंतर आठ मैलांचं. आई कंट्रोल ग्रुपात, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटात होती. मी हॉस्टेलवर बसून जे गुणोत्तर पाठ करत होते, त्याच्या छेदात माझी आई होती. ते अजून डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा, की इथं करू की बाहेर? नोकरी सांभाळून जमतं का? नवरा आयटीत आहे, "तू ठरव" म्हणतो (हे सोपं उत्तर झालं). शिवाय माझं रिअल अ‍ॅनालिसिस (शुद्ध गणितातला सिद्धतांचा विषय) पार गंजलंय.

कोथरूडचा_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जेआरएफ (सरकारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० अधिक घरभाडं, मग ४२,०००. तुमच्या आत्ताच्या पगाराशी तुलना करून बघा. कंपनीत एमएस्सीवरसुद्धा बायोस्टॅटिस्टिशियन होता येतं. प्रोग्रामिंगमधून स्टॅट्सच्या टीममध्ये बदली मागा. नावापुढं डॉक्टर लागलं तरी शेजारी ताप आल्यावर तुमच्याकडंच येणार, आणि तुम्हाला औषध देता येणार नाही.

रेनी_डे

मी अमेरिकेत सिएटलला पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, इथलं सांगतो. बायोस्टॅटच्या पीएचडीला बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ असते, स्टायपेंड आणि आरोग्य विमा मिळतो, त्या बदल्यात रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटचं काम. अर्जांच्या तारखा साधारण डिसेंबरात असतात, आणि ऑफर आली की उत्तर द्यायला बहुधा १५ एप्रिलपर्यंत मुदत मिळते. एकूण पाच वर्षं धरा. पहिली दोन वर्षं थिअरी, क्वालिफाइंग परीक्षा, आणि तिथं तुमचं ते गंजलेलं अ‍ॅनालिसिस घासायलाच लागेल. त्यातल्या एप्सिलॉन-डेल्टानं मला पहिल्या टर्मला रडवलंय. सॅसचा अनुभव कामाला येतो, पण प्रवेश देताना बघतात ते गणित.

एक गोष्ट आधीच बोलून घ्या. तुम्ही एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलात तर नवरा एफ-२ (जोडीदाराचा व्हिसा) वर, आणि एफ-२ वर त्याला नोकरी करता येत नाही. स्टायपेंड एकट्याला पुरतो. तीन वर्षांच्या मुलाचं डे-केअर धरलं की गणित हलतं. माझ्या बॅचच्या एका जोडप्याचं यावरूनच फार ताणलं गेलं.

केसपेपरवाली

काकांचं म्हणणं पैशापुरतं खरं आहे. पण या मुलीनं पैशाचं विचारलेलंच नाही.

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागात स्टॅटिस्टिशियन. माझ्या दारात वर्षभर पीजीची पोरं उभी असतात, "मॅडम, पी व्हॅल्यू काढून द्या, उद्या थिसिस सबमिट करायचाय." २०१४ ला पार्टटाइम नोंदणी केली, २०२१ ला व्हायवा. तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती, संपलं तेव्हा नववीत.

विद्यापीठ नंतर बघ. देवनारची आयआयपीएस, वेल्लोरचं सीएमसी, बंगळुरूचं निम्हान्स ही नावं तुला कुणीही सांगेल. आधी डेटा कुणाचा आणि तो कुणाच्या कपाटात आहे ते शोध, मग गाईड, मग फॉर्म. मी उलट केलं. विषय घेतला 'तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सर्व्हायव्हल', सिनॉप्सिस मंजूर झाला, आणि नंतर रेकॉर्ड रूमचं दार उघडलं. चारशेच्या वर केसपेपर. निम्म्यांवर शेवटची तारीख आणि पुढं कोरं. पेशंट मेला, बरा झाला की दुसऱ्या दवाखान्यात गेला, कुठंच काही नाही.

आपल्याला शिकवतात, असा पेशंट सेन्सॉर करा, म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंत मोजा आणि पुढं यादीतून सोडून द्या. कापलान-मायर १९५८, कॉक्स १९७२ या त्याच्या रीती, सॉफ्टवेअरला शून्य-एक द्या, तो किती काळानं किती जण जिवंत याचा वक्र काढून देतो. मीही दिलं. वक्र इतका खाली आला की सर्जननं तोंड वाकडं केलं, "एवढी माणसं मरत नाहीत हो आमच्याकडं."

मग मी जमिनीवर बसून केसपेपरचे शेवटच्या भेटीच्या महिन्याप्रमाणे गठ्ठे लावले. बारा गठ्ठे. ऑक्टोबरचा गठ्ठा इतरांच्या वर डोकं काढून. रेकॉर्ड रूमचे मामा चहा घेऊन आले, गठ्ठा बघितला आणि म्हणाले, "मॅडम, ही मेली न्हाईत. कारखान्यावर गेल्यात."

ऊसतोड! दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, ती परत येतात हंगाम संपल्यावर. आणि निघतं कोण? ज्याच्या अंगात बळ आहे तो. जो खंगलाय तो घरी राहतो, आणि आमच्या वॉर्डात येऊन मरतो. म्हणजे गळती आजाराशी बांधलेली होती. धडधाकट माणसं सेन्सॉर होत होती, मागं राहिलेल्यांत आजारी जास्त, म्हणून वक्र खाली. कॉक्सला हे कळायला मार्गच नाही. गळणाऱ्याचा आजाराशी संबंध नाही, असं तो धरूनच चालतो.

माझा थिसिस त्या गठ्ठ्यातून निघाला. गळालेल्यांसारखी जी माणसं यादीत उरली आहेत त्यांचं वजन वाढवायचं, आणि ते गृहीतक ताणून बघायचं की उत्तर किती हलतं. थिअरी मी शोधलेली नाही, ती आधीपासून आहे. गठ्ठा माझा होता.

काही माणसं शोधूनही काढली. पहिला विचार मुकादमाला फोन करायचा, त्याच्याकडं सगळ्यांचे पत्ते. एथिक्स कमिटीनं अडवलं, आणि बरोबर अडवलं. कॅन्सर आहे हे मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी उचल कोण देणार? मग केसपेपरवरच्या नातेवाइकांचे नंबर, एकेक करून, रात्री आठनंतर, कारण दिवसा फडात कुणी फोन उचलत नाही.

आता वाईट अनुभव. तिसऱ्या वर्षी माझे गाईड निवृत्त झाले. नवे आले ते शुद्ध थिअरीवाले, ऊसतोड ऐकून म्हणाले, "यात प्रमेय कुठाय?" दीड वर्ष त्यात गेलं. आता यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तरी जन्मतारीख विचारून घे, लाजू नकोस. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी, तेव्हा जागा आहे का तेही विचार. पार्टटाइमला कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीची दोन, आणि बायकांना आणखी दोन. सीएसआयआर-नेटला (जेआरएफची पात्रता परीक्षा) आपला विषय मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या पेपरात येतो, म्हणजे रिअल अ‍ॅनालिसिस इथंही सुटत नाही. सासू कुठंही गेलं तरी असतेच.

धाराशिवची

ताई, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. एफ-२ चं ऐकून तो गप्प झाला, म्हणजे ते दार आत्ता तरी बंद.

माझ्या मावसभावाची बायको नर्स आहे, सोलापूरकडच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात. तिकडं फॉलोअपची जुनी रजिस्टरं आहेत म्हणते. पण मी कोण म्हणून जाऊ? पीएचडीला तर अजून नावही घातलेलं नाही.

केसपेपरवाली

स्टॅटिस्टिशियन म्हणून जा. डॉक्टरांना विचार, कुठला पेपर अडलाय का. अडलेला असतोच. एक शनिवार फुकट दे, त्यांच्या परवानगीनं रजिस्टर बघ. पेशंटच्या नावांचे फोटो काढू नकोस. फक्त शेवटच्या भेटीचा रकाना वाचत जा, आणि तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये चहा कोण आणतं ते बघून ठेव.

धाराशिवची

येत्या शनिवारी पहाटेच्या गाडीनं निघतेय. पोराला आईकडं सोडते. आई विचारत होती, "आता माझं नाव कुठल्या वहीत हुडकणार हाईस?"