प्रतिसाद: ओटा फोडू नका, आधी खिडक्या उघडा

वर एकानी विचारलंय की किचनचा ओटा ग्रॅनाइटचा हाय, त्यातून रेडॉन (फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा किरणोत्सारी गॅस) निघतो म्हणं, काढून टाकू का. अहो कशाला फोडायलात! थोडाफार निघत असंल पण घरातला बहुतेक रेडॉन येतो खालच्या जमिनीतून, फरशीच्या भेगांतून, खडकातल्या युरेनियमचं हळूहळू रेडियम होतं अन् रेडियमचा हा गॅस, ना वास ना रंग. आपल्या मराठवाड्यात बराचसा काळा बसाल्ट, त्यात युरेनियम कमीच, पण देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट लागतो, तिकडच्यांनी मोजून बघायला हरकत नाही.

अमेरिकेत 1984 ला एक इंजिनिअर अणुवीज केंद्रात गेला की किरणोत्सार तपासणारा अलार्म वाजायचा, केंद्र तर अजून चालूच नव्हतं, शोधलं तर रेडॉन त्याच्या घरातच! तेव्हा कुठं लोकं जागी झाली. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं घरातला रेडॉन हवेच्या घनमीटरला 100 बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) आत ठेवा, सिगारेट ओढणाऱ्याला धोका लई जास्त.

मला काळजी शाळांची वाटते, तळमजल्यावरची कॉम्प्युटर लॅब, एसी चालू अन् खिडक्या कायम बंद, म्हंजे जमिनीतून आलेला गॅस आतच साठणार. कूलर बाहेरची हवा तरी आत ढकलतो, एसी तीच ती फिरवतो. मोजायचं तर रेडॉनचा छोटा डिटेक्टर तीनेक महिने खोलीत ठेवायचा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.