'हयात जोडीदार' आणि 'करमाफी' : एक शब्दचर्चा

प्रश्न : टेक्सासच्या मालमत्ता करासंबंधीचे माहितीपत्रक मराठीत आणायचे आहे. शंभर टक्के किंवा पूर्ण अपंगत्व ठरलेल्या माजी सैनिकाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या लाभास 'विधवेला करसवलत' म्हणावे का?

उत्तर : 'विधवा' चालणार नाही, कारण हा लाभ पत्नीप्रमाणे पतीलाही आहे. 'हयात जोडीदार' जवळचा आहे, परंतु नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देणाऱ्या आपल्या निवृत्तिवेतनधारकांना 'हयात' म्हणजे नुसता 'जिवंत' एवढेच सुचेल आणि दुसरा गेला आहे हे कळणार नाही. विधी परिभाषेतील 'उत्तरजीवी' अचूक असला तरी घरातल्यांना दुर्बोध आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात 'माजी सैनिकाच्या पश्चात हयात असलेला पती किंवा पत्नी' असे लिहावे आणि पुढे 'हयात जोडीदार' वापरावे. 'पश्चात' हा शब्द निधनवार्तांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे.

'सवलत' मात्र बदलावी. २००९ पासून अशा माजी सैनिकाच्या राहत्या घरावरील मालमत्ता कर पूर्ण माफ होतो. २०११ च्या घटनादुरुस्तीने तो लाभ जोडीदारापर्यंत पोहोचला आणि २०१५ मध्ये, ही तरतूद येण्यापूर्वीच ज्यांचा माजी सैनिक जोडीदार वारला होता त्यांनाही तो देण्यात आला. कर पूर्णच जात असल्याने 'करमाफी' हाच शब्द योग्य. 'सूट' लिहिल्यास 'सुटीचा अर्ज' असे सामान्यरूप होऊन वाचकाला शाळा आठवेल.

पुरवणी : अटींकडेही लक्ष द्यावे. जोडीदाराने पुनर्विवाह केलेला नसावा आणि ते घर माजी सैनिकाच्या मृत्यूच्या वेळी जोडीदाराचे राहते घर असून पुढेही तसेच असावे. 'स्वतःचे घर' लिहिले तर भाड्याने दिलेले घरही त्यात बसेल, म्हणून 'राहते घर' सोडू नये. घर बदलल्यास नव्या घरावर सरसकट माफी नसते, तर आधीच्या घराचे शेवटच्या वर्षी जितक्या डॉलरांचे मूल्य करमुक्त होते, तितकेच नव्या घराच्या मूल्यातून करमुक्त होते. तेथे 'मर्यादित करमाफी' म्हणावे.

शंका : मग 'वजावट' का नको?

उत्तर : वजावट करातून नव्हे, करपात्र उत्पन्नातून होते. आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-यू खाली दिव्यांग करदात्याला ७५ हजार रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट होती. ती त्या व्यक्तीच्या उत्पन्नाशी बांधलेली असल्याने तिच्या पश्चात जोडीदाराकडे जात नसे.