केंद्र बंद करा, पण यादीत कोणाची नावं?

वर्धाकाठ: काल इथे कोणीतरी लिहिलं, "चंद्रपूरचं औष्णिक केंद्र बंद करा, सौर पॅनेल लावा, विषय संपला." कसा संपला? 2920 मेगावॅटची वीज राज्यभर जाते, राख दुर्गापूर-ऊर्जानगरच्या छपरांवर बसते. बंद व्हावं असं मलाही वाटतं, आईचा दमा रोज ऐकतो मी. पण कायम कामगाराला ग्रॅच्युइटी आहे, ठेक्यावरच्या माणसाच्या हाती काय पडतं? माझा मावसभाऊ एका केंद्रात बारा वर्षं राख उचलायच्या कामावर होता. संच बंद झाला, त्याचा गेटपास काढून घेतला. हिशेब आजवर नाही.

सौरमित्र पुणे: ते मीच लिहिलं होतं. प्रत्येक वेळी "आधी आमचं बघा" म्हणालात तर एकाही केंद्राचं धुराडं थांबणार नाही. जर्मनीने कोळशावरची वीज बंद करायला 2038 ची मुदत कायद्यात घातली. तुम्ही तारीख द्यायलाच तयार नाही.

वर्धाकाठ: जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. कोळसापट्ट्यांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूदही त्यांनी केली. आपल्याकडे काय, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या भागांसाठीचा निधी. तो खाणवाले सरकारला देतात त्या रॉयल्टीच्या हिशेबाने जमा होतो. कोळसा थांबला की निधीही आटणार, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

निवृत्त ओव्हरमन: 34 वर्षं खाणीत काढली. कोळशानेच माझी दोन्ही पोरं शिकली. दिवे लागणीला तुमचे पॅनेल काय कामाचे? आणि जमीन देणाऱ्याला दोन एकरामागे एक नोकरी मिळाली. अजून कोणता न्याय पाहिजे?

राजुऱ्याची लेक: काका, त्या दोन एकरांत माझंही नाव होतं. भावाला नोकरी लागावी म्हणून माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तो क्वार्टरमध्ये राहतो, मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते.

निवृत्त ओव्हरमन: हा तुमच्या घरातला मामला. खाणीला दोष कशाला?

राजुऱ्याची लेक: नोकरी एकच ठेवली म्हणूनच घरात सही मागितली ना? बाहेरून आलेला नियम आहे हा.

विदर्भी पोरगा: काऊन काका, आमच्या आत्याचंही हेच झालं. गावात दहा घरं दाखवतो.

सौरमित्र पुणे: विषय वारसाहक्काकडे गेला. कृपया मूळ मुद्द्यावर या.

राजुऱ्याची लेक: हाच मूळ मुद्दा आहे. तुमच्या सौर कृषी वाहिनीत, म्हणजे शेतीच्या विजेसाठी भाड्याच्या जमिनीवर पॅनेल लावायच्या सरकारी योजनेत, जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार भाडं आहे. मिळणार कोणाला? सातबारावर नाव असेल त्याला. माझं नाव कोळशाने काढलं, सूर्य ते परत लिहिणार आहे का?

सौरमित्र पुणे: याचा विचार मी केला नव्हता. तारीख हवीच, यावर ठाम आहे. पण तारखेआधी ठेक्यावरच्यांची आणि सह्या दिलेल्यांची यादी व्हावी, हे मान्य.

वर्धाकाठ: यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. ठेकेदाराच्या रजिस्टरवरून केलीत तर माझा मावसभाऊ त्यात सापडणार नाही.

निवृत्त ओव्हरमन: खाण बंद करायला माझा विरोधच आहे. पण सातबाऱ्याचं त्या ताईंचं बरोबर आहे. माझ्या बहिणीचीही सही घेतली होती आम्ही.

राजुऱ्याची लेक: तिला काय दिलंत?

निवृत्त ओव्हरमन: साडीचोळी.